पेग, चखणा आणि वजनकाटा: गटारी ते गणपती, प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, आखणी

वजन उतरवायचं आहे, पण दारू पूर्ण सोडायची तयारी नाही, अशा प्रौढांसाठी खिशात मावेल असं एक पानी कार्ड करायचं आहे. मुदत २४ जुलै, म्हणजे दीप अमावस्या, अर्थात गटारी. त्या आठवड्यात हा विषय लोक स्वतःहून काढतात. एरवी आहाराच्या वहीत दारूचा रकाना कोराच असतो, नाहीतर तिथे 'कधीतरी' एवढाच शब्द असतो.

कार्डावर 'इतकी चालेल' असं वाक्य येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित धरता येत नाही. आपण सांगायचं ते एवढंच: घेतली, तर हिशेबात किती धरायची.

कार्ड कोणासाठी नाही हेही पहिल्या ओळीतच: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, यकृताचा आजार असलेले, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले, आणि सकाळी उठल्यावर घ्यावी लागते असे लोक. महाराष्ट्रात बियर-वाइनसाठी २१ आणि बाकी मद्यासाठी २५ हे कायद्याचं वय आहे. त्याखालच्यांना कार्ड द्यायचं नाही.

(नोंदींत आणि कार्डावर 'कॅलरी' म्हणजे किलोकॅलरी. बोलताना सगळे तसंच म्हणतात.)

५ जून, सूत्र

दारूच्या बाटलीवर बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा पोषणाचा तक्ता नसतो. पण अल्कोहोलचा टक्का छापलेला असतो आणि तेवढा पुरतो.

मिली × टक्का ÷ १०० = शुद्ध अल्कोहोल, मिलीमध्ये. त्याला ०.७८९ ने गुणलं की ग्रॅम. ग्रॅमला ७ ने गुणलं की कॅलरी. तीन पायऱ्यांची एक केली: मिली × टक्का × ०.०५५.

भारतात तयार होणाऱ्या व्हिस्की, रम, व्होडका, जिन, ब्रँडीवर बहुधा ४२.८ टक्के असतात. ६० मिली × ४२.८ × ०.०५५ = १४१. रंग, वास, किंमत यांचा आकड्याशी संबंध नाही. 'व्होडका हलकी असते' हे वाक्य तक्त्याच्या खाली खोडून छापायचं, अशी सूचना आली. मान्य. ४० टक्क्यांची आयात स्कॉच आणि ४२.८ ची देशी बनावटीची व्हिस्की यांत ६० मिलीमागे जेमतेम ९-१० कॅलरींचा फरक पडतो, म्हणजे तीनेक शेंगदाणे.

हे सूत्र फक्त अल्कोहोलपुरतं आहे. बियरमधलं माल्टचं पिष्ट आणि गोड वाइनमधली साखर वेगळी धरावी लागते.

९ जून, पहिला तक्ता

मोजमापाला पाया हवा होता. ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे जवळजवळ १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ही जुळणी फार सोयीची आहे, म्हणून बाकी सगळं 'छोट्या पेगां'त मांडलं.

छोटा पेग, ३० मिली: १० ग्रॅम, ७१ कॅलरी
मोठा पेग, ६० मिली: २० ग्रॅम, १४२
नाइंटी, ९० मिली: ३० ग्रॅम, २१३
क्वार्टर, १८० मिली: ६१ ग्रॅम, ४२५
खंबा, ७५० मिली: २५३ ग्रॅम, १७७०
माइल्ड बियर, ५ टक्के, ६५० मिलीची बाटली: २६ ग्रॅम, पिष्टासह सुमारे २६०
तीच ३३० मिलीची पाइंट: १३ ग्रॅम, सुमारे १३०
स्ट्राँग बियर, ८ टक्के, ६५० मिली: ४१ ग्रॅम, पिष्टासह ३६५ ते ३९०
नाशिककडची कोरडी वाइन, १३ टक्के, १५० मिलीचा ग्लास: १५ ग्रॅम, ११५ ते १२०
काजू फेणी, बाटलीवर ४२.८ असेल तर: व्हिस्कीइतकीच

तक्त्यातली सगळ्यात उपयोगाची ओळ स्ट्राँग बियरची आहे. 'मी दारू घेत नाही, फक्त बियर' म्हणणाऱ्याच्या एका बाटलीत चार छोट्या पेगांइतकं अल्कोहोल असतं आणि कॅलरी पाच छोट्या पेगांहून जास्त. देशात बियरला ८ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे आणि स्ट्राँग म्हणून विकली जाणारी बियर त्या मर्यादेच्या जवळपास असते, म्हणून तक्त्यात ८ धरले. लेबलवर ७ असेल तर अल्कोहोलच्या कॅलरी ३५-३६ ने कमी.

गोड पोर्ट वाइन तक्त्यात घेतली नाही, कारण साखर ब्रँडगणिक बदलते. नियम एवढाच: जिभेला गोड लागली तर कोरड्या वाइनचा आकडा लावायचा नाही.

हातभट्टी आणि गावठी मोहाची घ्यायची का, यावर बराच वेळ गेला. घेतली नाही. टक्का माहीत नसताना सूत्र लागू होत नाही, आणि जिथे विषारी मिथेनॉलची भीती आहे तिथे कॅलरी मोजणं हास्यास्पद आहे.

१२ जून

मंगळवारच्या मंत्रिमंडळ निर्णयाने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढलं आणि 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा प्रकार आला. क्वार्टर महागणार. कार्डात काही बदल नाही. नवीन बाटली आली तरी टक्का वाचायचा आणि सूत्रात घालायचा.

१६ जून, माप

तक्ता कितीही बरोबर असला तरी 'दोन पेग' म्हणजे किती, हे ओतणाऱ्याच्या हातावर आहे. घरी ओतताना चूक बहुधा वरच्या बाजूलाच होते. कारणं तीन: रुंद बुडाच्या ग्लासात ६० मिली अगदी किरकोळ दिसते, बर्फ आधी टाकला की पातळी कळत नाही, आणि दुसरा पेग पहिला पूर्ण संपायच्या आत 'वरून' घातला जातो, त्यामुळे मोजणीच तुटते.

पेग मेजर असेल तर एक बाजू ३०, दुसरी ६०. काही मापांत आतली रेघ म्हणजे ६०, काहींत काठोकाठ म्हणजे ६०. एकदा औषधाच्या मापाने पाणी घालून तपासून घ्यावं. पेग मेजर नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. मात्र दारू पाण्यापेक्षा हलकी असते, हे लक्षात ठेवायचं. ४२.८ टक्क्यांची ६० मिली काट्यावर ६० नव्हे, ५७ ग्रॅम भरते. रिकामा ग्लास ठेवून काटा शून्य करायचा, ५७ वर थांबायचं, मग बर्फ.

बैठकीत कोणी काटा घेऊन बसणार नाही. त्यासाठी बाटलीचा उपाय: बसायच्या आधी बाटली झाकणासकट तोलायची, उठल्यावर पुन्हा. फरकाला ०.९४५ ने भागलं की मिली मिळतात. १७० ग्रॅम कमी झाली तर १८० मिली गेली. एकट्याने पिणाऱ्याला हा हिशेब अचूक मिळतो. चौघांत वाटली तर सरासरी मिळते आणि सरासरीवर कोणीच विश्वास ठेवत नाही.

बारमध्ये माप नीट असतं, तिथे अडचण 'लार्ज' या शब्दाची. लार्ज म्हणजे ६०. बिलावर 'दोन लार्ज' असेल तर वहीत चार छोटे लिहायचे. पटियाला पेग वगैरेला ठरलेलं माप नाही, तिथे काटाच.

२० जून, मिक्सर

साध्या कोल्यात, लिंबाच्या गोड सोड्यात १०० मिलीला साखर १० ग्रॅमच्या आसपास. ६० मिलीच्या पेगावर १५० ते १८० मिली ओतलं जातं, म्हणजे पेगामागे ६० ते ७० कॅलरी वाढल्या, म्हणजे जणू आणखी एक छोटा पेग. चार मोठ्या पेगांत २४० ते २८० फक्त साखरेच्या.

टॉनिक वॉटरला लोक सोडा समजतात. चव कडवट असते म्हणून साखर नाही असं वाटतं, पण साध्या टॉनिकमध्ये १०० मिलीला ८-९ ग्रॅम साखर असते. जिंजर एल तसंच. डब्यातला फळांचा रस कोल्यापेक्षाही पुढे जातो.

शून्य: साधा सोडा, पाणी, बर्फ, लिंबू पिळून, मीठ. डाएट कोलाही साखरेच्या हिशेबात शून्य. पण साखर नसलेल्या मिक्सरबरोबर दारू पोटातून लवकर पुढे सरकते आणि रक्तातलं प्रमाण साखरेच्या मिक्सरपेक्षा वर जातं, हे दिसलेलं आहे. म्हणून कार्डावर सोडा-पाणी पहिलं, डाएट कोला दुसरा, आणि त्याच्यापुढे 'सावकाश'.

गोव्याकडून आलेला प्रश्न हुर्राकबद्दल होता. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची एकदाच गाळलेली दारू, म्हणून ती फेणीच्या निम्म्याहूनही कमी तीव्र असते. ती साधारण लिंबाच्या गोड पेयात, मिरची चिरून, मीठ घालून घेतात. मिरची-मीठ ठेवा, गोड पेयाच्या जागी सोडा आणि खरं लिंबू. हुर्राक पिताना जड वाटत नाही, त्यामुळे ग्लास मोठा होतो, एवढं ध्यानात ठेवायचं.

२५ जून, चखणा

इथे जास्त वेळ द्यावा लागला, आणि तो योग्यच होता. बहुतेक बैठकांत अल्कोहोलच्या कॅलरी चखण्यापेक्षा कमी निघतात.

खारे शेंगदाणे ५० ग्रॅम: २९० च्या आसपास. ५० ग्रॅम म्हणजे भरलेल्या दोन मुठी, पहिल्या पेगातच संपतात. फरसाण, शेव, चिवडा ५० ग्रॅम: २५० ते २७५. वेफर्सही त्याच घरातले. दुसऱ्या बाजूला: उकडलेलं अंडं ७५, दोनशे ग्रॅम काकडी ३०, फुटाणे ३० ग्रॅम ११०, शिजवलेले हरभरे १०० ग्रॅम १६० कांदा-टोमॅटो-लिंबासह, तंदुरी चिकन हाडाशिवाय १०० ग्रॅम दीडशे ते पावणेदोनशे.

फुटाण्यांकडे आमचा स्पष्ट कल आहे. चावायला वेळ लागतो, सालासकट खाता येतात, कोणत्याही वाण्याकडे मिळतात आणि ताटलीत बघताना 'डाएट' वाटत नाही. सॅलड मागवून कोणी खात नाही. ते टेबलावर शोभेला राहतं आणि शेंगदाण्याची दुसरी प्लेट येते.

तळणाचा हिशेब पुस्तकातून नीट मिळत नाही, कारण तेल किती शोषलं हे पिठावर, तेलाच्या तापमानावर आणि तुकड्याच्या आकारावर ठरतं. घरी मोजायची रीत: तळण्याआधी कढई तेलासकट तोलायची, तळून झाल्यावर गार झाली की पुन्हा तोलायची. घट गुणिले ९ म्हणजे तेलाच्या कॅलरी. समजा दहा बोंबील तळून ८० ग्रॅम तेल कमी झालं, तर ७२०, म्हणजे बोंबलामागे ७२ फक्त तेलाच्या. टिपकागदावर निथळलेलं तेल यातून वजा करायचं असेल तर कागदही तोलावा. ओला बोंबील पाणी सोडतो आणि ते कढईत थोडं उरतं, म्हणून हा आकडा किंचित कमीच निघतो. बोंबील आधी पाट्याखाली दाबून पाणी काढलं तर कुरकुरीत होतो आणि रवाही कमी चिकटतो.

एक गोष्ट कार्डावर मोठ्या अक्षरात जाणार: चखणा पिशवीतून खायचा नाही. वाटीत काढायचा, वाटी संपली की संपला. दारूने भूक भागत नाही. प्यालेल्या कॅलरींच्या बदल्यात माणूस जेवण कमी करत नाही, उलट तिसऱ्या पेगानंतर 'किती खाल्लं' हा विचारच सुटतो. म्हणून निर्णय पहिल्या पेगाआधी, ताटलीच्या आकारात करून ठेवायचा.

१ जुलै, 'दारूची चरबी होते का'

हा परिच्छेद कार्डाच्या मागे जाईल. लिहिताना दोन टोकं टाळायची होती: 'दारू थेट पोटावर साठते' आणि 'दारूच्या कॅलरी अंगाला लागत नाहीत'. दोन्ही चूक.

शरीराला अल्कोहोल साठवायला जागा नाही. यकृत आधी त्याचं अॅसिटाल्डिहाइड करतं, मग अॅसिटेट, आणि हे अॅसिटेट शरीरभर इंधन म्हणून जळतं. ते जळत असेपर्यंत चरबीचा नंबर मागे जातो. १९९९ च्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी पुरुषांना २४ ग्रॅम अल्कोहोल दिलं, म्हणजे आपल्याकडची साधारण ७० मिली व्हिस्की. त्यातलं पाच टक्क्यांहूनही कमी चरबीत बदललं. पण पुढचे काही तास शरीराचं चरबी जाळणं ७३ टक्क्यांनी घटलं. त्याआधी १९९२ च्या स्विस प्रयोगात दिवसाच्या ऊर्जेचा चौथा हिस्सा अल्कोहोलमधून दिल्यावर दिवसभराचं चरबी जाळणं सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेलं दिसलं.

व्यवहारात अर्थ असा: व्हिस्कीची चरबी होत नाही, तिच्याबरोबर खाल्लेल्या शेवेची होते. ती शेव एरवी जळली असती, आज ती रांगेत मागे उभी राहिली.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निस्तरतं, म्हणजे जेमतेम एक छोटा पेग. क्वार्टरला सहा ते पावणेनऊ तास. रात्री अकराला संपवली असेल तर सकाळी सहाच्या फिरायला जाताना रक्तात अजून असू शकते. दुचाकी घेऊन जिमला जाणाऱ्यांनी हे वाचावं, कारण मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे आणि ती सकाळीही तेवढीच असते. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, घाम काढणं, यांतल्या कशानेही हा वेग वाढत नाही.

८ जुलै, आठवड्याचा हिशेब

वजन दिवसावर चालत नाही, आठवड्यावर चालतं, म्हणून कार्डाची दुसरी बाजू आठवड्याची केली. रोज ५०० ची तूट ठेवली तर आठवड्याला ३५००. एक किलो चरबीला सुमारे ७७०० लागतात, म्हणून आठवड्याला साडेचारशे ग्रॅम. कागदावर.

आता एक नेहमीचा शनिवार मांडला. क्वार्टर ४२५. कोला अर्धा लिटर २००. शेंगदाणे १०० ग्रॅम ५८०. रात्री साडेअकराला चिकन बिर्याणी, ४०० ग्रॅम, साडेसातशे धरली. तिच्या जागी घरचं जेवण झालं असतं तर ५००, म्हणजे जादा २५०. बेरीज १४५५. उरलेली तूट २०४५, वजनात २६५ ग्रॅम.

शुक्रवार-शनिवार दोन्ही रात्री असंच झालं तर आठवड्याच्या तुटीतून ५९० उरतात. ऐंशी ग्रॅमही नाही, आणि काट्यावर तर दिसणारही नाही. पाच दिवस भाकरी मोजून खाणाऱ्याचं वजन महिनोन् महिने हलत नाही, त्यामागे बऱ्याचदा थायरॉइड नसतं, ही दोन रात्रींची वजाबाकी असते.

तीच रात्र दुसऱ्या पद्धतीने: घरचं जेवण साडेआठला उरकून नाइंटी सोड्याबरोबर २१३, दोन अंडी १५०, फुटाणे ३० ग्रॅम ११०, काकडी. जादा पाचशेच्या आसपास. दोन रात्री मिळून हजार धरले तरी अडीच हजारांची तूट शिल्लक राहते.

जेवण आधी, ही कार्डावरची सगळ्यात जास्त वाद होणारी ओळ असणार. आपल्याकडे जेवण शेवटी असतं आणि ते शेवटी असल्यामुळेच मध्यरात्री, भूक आणि भान दोन्ही सुटल्यावर होतं. उलट चूकही तितकीच नेहमीची: 'रात्री प्यायची आहे' म्हणून दुपारचं जेवण टाळणं. रिकाम्या पोटी दारू लवकर चढते, रक्तातली साखर खाली येऊ शकते, आणि वाचवलेल्या चारशेच्या बदल्यात हजार जातात.

स्त्रियांसाठी वेगळी ओळ ठेवली. तेवढ्याच दारूचं रक्तातलं प्रमाण स्त्रीच्या शरीरात जास्त होतं, कारण शरीरातल्या पाण्याचा वाटा कमी असतो. शिवाय दिवसाचं लक्ष्य १३०० असेल तर दोन मोठे पेग म्हणजे त्यातला पाचवा हिस्सा, आणि त्यात प्रथिनं शून्य.

१४ जुलै, काट्याचा खोटेपणा

रविवारी सकाळी वजन कमी दिसतं आणि लोक खूश होतात. दारू मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगणारा संदेश दाबते, लघवी जास्त होते, पाणी जातं. मंगळवारी काटा दीड किलो वर दाखवतो, कारण खारा चखणा आणि बिर्याणीतलं मीठ पाणी धरतं, आणि भरलेलं ग्लायकोजेनही (स्नायू-यकृतातला साखरेचा साठा) आपल्याबरोबर सुमारे तिप्पट पाणी ठेवतं. रविवारी चरबी गेली नव्हती, मंगळवारी आली नाही.

रीत: रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्याआधी वजन. सात दिवसांची सरासरी. तुलना फक्त सरासरीची सरासरीशी. कंबर आठवड्यातून एकदा, गुरुवारी, श्वास सोडून, टेप जमिनीला समांतर. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर धोका धरतात. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' लिहून आलं असेल तर कंबर आणि दारू हे दोन वेगळे विषय राहत नाहीत. दोघांचाही भार त्याच यकृतावर पडतो, आणि अशा माणसाला हे कार्ड नव्हे, दारू बंद करण्याचा सल्ला द्यायचा.

१७ जुलै, औषधं

डॉक्टरांनी मजकूर तपासून दिला. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनवर जास्त दारू: रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर: साखर एकदम उतरते, कधी झोपेत, आणि बाजूच्यांना वाटतं की चढली आहे. हे शेवटचं वाक्य ठळक.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइडची इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात वजनासाठी सुरू झाली. त्यांच्यावर असताना पिण्याची इच्छा कमी झाल्याचं अनेक जण सांगतात, त्यावर संशोधन चालू आहे. पण मळमळ आधीच असते, त्यात दारू घातली की उलट्या आणि पाणी कमी होणं. बायपास प्रकारची वजनाची शस्त्रक्रिया झालेल्यांना दारू फार लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसन लागण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षापासून वाढलेलं आढळलं आहे. त्यांच्यासाठी आमचं मत: नकोच.

२१ जुलै, गटारीची पट्टी

कार्ड छापून आलं. गुरुवारसाठी वेगळी छोटी पट्टी जोडली, कारण त्या दिवशी मटण असणार. दुपारी नेहमीचं जेवण, डाळ-उसळीसह. रस्सा वाढताना वरची तर्री बाजूला: एक मोठा चमचा तेल १२० कॅलरी आणि तर्रीच्या वाटीत तसे चमचे दोन-तीन सहज असतात. तुकडे खा, रस्सा पातळ घ्या, वड्यांपेक्षा भाकरी. वडे तळलेले असतात आणि मोजून कोणी खात नाही. एका पेगामागे एक ग्लास पाणी. किती घेणार ते आधी वहीत लिहून ठेवायचं. गाडीची किल्ली घरी.

२५ जुलै, श्रावण लागला

आजपासून अनेक जण महिनाभर बंद करतात. वजनासाठी चांगलंच. पण रोज क्वार्टर किंवा जास्त घेणाऱ्याने एका रात्रीत थांबवणं धोक्याचं असू शकतं. हात थरथरणं, घाम, धडधड, झोप न येणं पहिल्याच दिवशी सुरू होतं. झटके पहिल्या दोन दिवसांत येऊ शकतात. भ्रम, नसलेली माणसं दिसणं बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, आणि त्यात जीवही जातो. श्रावणातला पहिला शनिवार-रविवार नेमका याच खिडकीत येतो. 'देवाचं केलं म्हणून त्रास होतोय, सहन कर' असं घरात म्हणू नये, दवाखान्यात न्यावं. थांबवण्याआधी डॉक्टरांकडे गेलं तर औषधं आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन हे नीट पार पडतं. पुण्यात १९८६ पासून चालणारं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र यासाठीच आहे. ही नोंद कार्डाच्या दर्शनी बाजूला हलवली. कोक किती, शेंगदाणे किती, हे तिच्यानंतर.

४ ऑगस्ट, 'दारू बंद, तरी वजन तेच'

अपेक्षित तक्रार. उत्तर उपवासाच्या ताटात आहे. साबुदाणा खिचडीची एक प्लेट: कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम २१०, दाण्याचं कूट २० ग्रॅम ११५, एक मोठा चमचा तूप १२५. एकूण ४५०, प्रथिनं जेमतेम पाच-सहा ग्रॅम. सोडलेली क्वार्टर ४२५ ची होती. सोमवार, शनिवार आणि मधले सण मिळून ही अदलाबदल पूर्ण होते, बटाट्याचा कीस आणि बर्फी वेगळी.

बदल: भगर कमी तुपात, सोबत दही किंवा ताक, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची दाण्याचं कूट कमी घातलेली कोशिंबीर. दारू सुटल्यावर गोड खावंसं वाटतं, हे बऱ्याच जणांत दिसतं. त्यासाठी फळ ठरलेल्या वेळी, साधारण ज्या वेळी बैठक बसायची त्याच वेळी.

अल्कोहोल नसलेली बियर श्रावणात चालते का, हा धर्माचा प्रश्न आम्ही घेतला नाही. कॅलरींचा घेतला: शून्य टक्के म्हणजे शून्य कॅलरी नव्हे. पिष्ट तसंच असतं, फळाच्या स्वादाच्या बाटल्यांत वर साखर. या बाटल्यांवर पोषणतक्ता छापलेला असतो, तो वाचावा.

१८ ऑगस्ट, व्यायाम

'सकाळी जास्त पळून जिरवू' याला कार्डावर जागा नाही. ७० किलोच्या माणसाला क्वार्टर आणि कोल्याच्या ६२५ कॅलरी चालून फेडायला दोन तासांच्या वर लागतात, तेही अर्धवट झोपेनंतर. दारूने झोप लवकर लागते पण उत्तररात्री तुटते, आणि दुसऱ्या दिवशी भूक तळलेल्या-गोडाकडे ओढते.

स्नायूंबद्दल जो प्रयोग जिममध्ये सतत सांगितला जातो तो २०१४ चा. व्यायामानंतर प्रथिनांबरोबर दारू दिल्यावर स्नायू बांधणी २४ टक्क्यांनी कमी झाली. आकडा खरा आहे, पण तिथे मात्रा किलोला दीड ग्रॅम होती. ७० किलोला १०५ ग्रॅम, म्हणजे तीनशे मिलीहून जास्त व्हिस्की. दोन छोट्या पेगांना तोच आकडा लावणं बरोबर नाही. तरीही वजनं उचलायचा दिवस आणि बैठकीचा दिवस वेगळा ठेवा, एवढं पुरे.

२६ ऑगस्ट, दुसरी छपाई

उद्या गणेश चतुर्थी, त्यामुळे पुढचे दहा-बारा दिवस बहुतेकांची बंदच राहील आणि मोदकांचा हिशेब लागेल. तो वेगळ्या कार्डात.

दुसऱ्या छपाईतले बदल: स्ट्राँग बियरची ओळ सर्वांत वर. 'पेग' ऐवजी सगळीकडे 'छोटा पेग, ३० मिली'. काट्यावर ५७ ग्रॅम ही खूण चौकटीत. टॉनिकची ओळ साखरेच्या यादीत हलवली. कागद लॅमिनेट, कारण टेबल ओलं असतं. कॉकटेलचं पान बाकी आहे: बारगणिक माप, सिरप आणि रस बदलतात, तेव्हा ठरावीक आकडा न देता 'मद्य किती मिली, साखर किती चमचे' हे दोन प्रश्न बारटेंडरला विचारायला सांगायचं, चमच्याला २० कॅलरी धरून. डिसेंबरच्या आत ते पूर्ण करायचं आहे.